सहा महिन्यांचे शेजारी

अमेरिकेहून परतलेल्या आई-बाबांना इकडे चार प्रश्न ठरलेले असतात. नातवंडं मराठी बोलतात का, थंडी कितपत होती, लेकीची नोकरी कशी चाललीय आणि ‘तिकडचे लोक’ कसे आहेत. पहिल्या तिन्हींना भरघोस उत्तरं मिळतात. चौथ्याला जरा अडखळायला होतं. मग कोणी सांगतं, लोक फार शिस्तीचे. रांग मोडत नाहीत, पायी चालणाऱ्यासाठी गाडी थांबवतात, अनोळखी माणूसही हसून ‘हाय’ म्हणतो. सगळं खरं आहे. पण एवढं तर मोटारीच्या काचेतूनही दिसतं. सहा-सहा महिने एका गावात राहून त्या गावातल्या एकाही माणसाच्या स्वयंपाकघरात आपण टेकलो नाही, हे मात्र कोणी बोलून दाखवत नाही.

माझी लेक वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूला राहते. सिएटल आणि बेलव्ह्यू यांच्यामध्ये लेक वॉशिंग्टन हा लांबलचक तलाव आहे आणि त्यावर चक्क तरंगते पूल आहेत. त्यातला पहिला 1940 साली झाला आणि पलीकडच्या काठावरची शेती, बागा नि तुरळक घरं शहराच्या कक्षेत आली. 1953 मध्ये बेलव्ह्यू रीतसर शहर झालं तेव्हा वस्ती सुमारे सहा हजार होती. 2020 च्या जनगणनेत ती 1,51,854 भरली. मधल्या काळात काय झालं हे पुण्या-नाशिकच्या घरांना सांगायला नको. मायक्रोसॉफ्ट 1979 मध्ये आल्बुकर्कीहून आधी बेलव्ह्यूला आली आणि 1986 मध्ये शेजारच्या रेडमंडला गेली. अ‍ॅमेझॉन 1994 मध्ये बेलव्ह्यूतल्याच एका भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये सुरू झाली. आज शहरातल्या दर दहा माणसांतली सुमारे चार माणसं अमेरिकेबाहेर जन्मलेली आहेत. त्यांच्यामागोमाग आम्ही येतो. पाहुण्यांच्या व्हिसावर, बहुधा सहा महिन्यांसाठी, बॅगेत गोडा मसाला आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन.

अशा शहरात ‘स्थानिक माणूस’ शोधायचा म्हणजे कोणाला? आपल्या मनात एक गोरा, उंच, कुत्रा फिरवणारा गृहस्थ असतो. तो असतोही. पण शेजारच्या घरात कोरियन जोडपं, समोर युक्रेनहून आलेलं कुटुंब, कोपऱ्यावर हैदराबादचे आणि त्यांच्या पलीकडे ओहायोहून नोकरीसाठी आलेला, आपल्याइतकाच बावरलेला एक तरुण, अशी ती गल्ली असते. ओहायोवाला बावरतो याचं मला पहिल्यांदा नवल वाटलं होतं. नंतर कळलं की त्या भागात ही जुनीच तक्रार आहे. तिला ‘सिएटल फ्रीझ’ म्हणतात. ‘सिएटल टाइम्स’च्या रविवारच्या मासिकात 2005 मध्ये यावर एक लेख आला आणि तेव्हापासून हा शब्दप्रयोग सगळ्यांच्या तोंडी बसला. तक्रार अशी, की इथले लोक अतिशय सभ्य असतात, रस्ता विचारला तर सोबत चालत येतात, ‘एकदा कॉफीला भेटूच’ असं मनापासून म्हणतात आणि ती कॉफी कधीच होत नाही. कारणं अनेक सांगतात: नऊ महिन्यांचं ढगाळ आभाळ, स्कँडिनेव्हियातून आलेल्या जुन्या वसाहतकऱ्यांचा अबोलपणा, तंत्रज्ञान कंपन्यांतली दर दोन-तीन वर्षांनी बदलणारी माणसं. मला शेवटचं कारण जास्त पटतं. जो शेजारी पुढच्या वर्षी ऑस्टिनला जाणार आहे त्याच्यात जीव कोण गुंतवणार? आणि आम्ही तर सहा महिन्यांनी नक्कीच जाणार असतो.

एक गोष्ट मात्र मनावरचं ओझं हलकं करते. हे आपल्या रंगामुळे, उच्चारांमुळे किंवा साडीमुळेच होतं असं नाही. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी 2023 मध्ये एकटेपणावर अख्खं सरकारी सूचनापत्रक काढलं होतं. ज्या देशाला सिगारेटसारखाच एकटेपणाविषयीही इशारा द्यावा लागतो, तिथे आपल्याला जेवायला न बोलावणारा शेजारी दुसऱ्या कोणाकडे रोज जेवत असेल असं समजायचं कारण नाही.

कॅन्सस विद्यापीठातले संवादशास्त्राचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये एक हिशेब मांडला. नव्या गावी आलेल्या माणसांची मैत्री किती वेळात होते हे त्यांनी तपासलं. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला सुमारे 50 तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणावं इतकं व्हायला 90 च्या आसपास आणि जिवाभावाचं नातं व्हायला 200 हून जास्त. नात्याला असं घड्याळ लावणं आपल्याला थोडं विचित्र वाटतं. पण सहा महिन्यांच्या पाहुण्याने हा हिशेब जरूर करून पाहावा. सहा महिने म्हणजे सव्वीस आठवडे. आठवड्यातून दोन तास एकाच माणसाबरोबर गेले तर विमानात बसायच्या वेळेला बावन्न तास भरतात. म्हणजे जुजबी मैत्रीच्या उंबरठ्यावर पाऊल पडतं आणि आपण सामान बांधायला लागतो. हॉल यांचं आणखी एक निरीक्षण मला महत्त्वाचं वाटतं. नोकरीच्या ठिकाणी शेजारी-शेजारी बसून घालवलेले तास या बेरजेत फारसे उपयोगी पडत नाहीत. दहा-दहा वर्षं एकाच मजल्यावर काम करूनही आमच्या मुलांना सहकाऱ्यांची घरं माहीत नसतात, त्याचं उत्तर इथे आहे. मोजले जातात ते तास स्वखुशीने दिलेले असतात.

हा हिशेब कोणी मांडण्याच्या कितीतरी आधी कल्याणच्या एका मुलीने तो आपल्या परीने सोडवला होता. आनंदीबाई जोशी 4 जून 1883 रोजी न्यूयॉर्क बंदरात उतरल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना घ्यायला थिओडोशिया कार्पेंटर आल्या होत्या. दोघींनी एकमेकींना त्याआधी पाहिलं नव्हतं. पण पत्रव्यवहार 1880 पासून चालू होता. दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट पाहत असताना कार्पेंटरबाईंच्या हाती एक मिशनरी नियतकालिक पडलं, त्यात आनंदीबाईंच्या नवऱ्याचा, गोपाळरावांचा पत्रव्यवहार छापलेला होता, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावातून या बाईंनी एका अनोळखी हिंदू मुलीला पत्र घातलं. पुढची तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली. घरातल्या गोष्टी, आजारपणं, धर्म, बालविवाह, कशाचंही वावडं नव्हतं. आपण मराठी माणसं ही गोष्ट आनंदीबाईंच्या धैर्याची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीने ती घराघरांत पोचवली. पण दुसऱ्या बाजूनेही ती पाहिली पाहिजे. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल होण्याआधी आनंदीबाई राहिल्या त्या रोझेलच्या घरात, आणि त्यांच्यासाठी ते घर मावशीचं झालं ते बोटीतून उतरल्यानंतरच्या पाहुणचाराने नव्हे. तासांची बरीचशी बेरीज पोस्टाने आधीच झालेली होती. 11 मार्च 1886 ला त्या डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे त्या घराण्याच्या जागेत पुरल्या गेल्या. एका चित्पावन घरातल्या मुलीच्या अस्थी त्या काळी एका ख्रिस्ती कुटुंबाच्या दफनभूमीत विसावतात, याचा विचार आजही मला पुरा करता येत नाही.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. त्या पुढे अमेरिकेत राहिल्या, फिरल्या, भाषणं दिली आणि 1887 च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. दहा वर्षं पैसे पुरवण्याचं या मंडळींनी कबूल केलं आणि 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत शारदासदन उघडलं. रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तकही त्याच वर्षीचं. आनंदीबाईंचं नातं पत्रांवर वाढलं, रमाबाईंचं कामावर. वॉशिंग्टन राज्यापुरतं बोलायचं तर वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे इथल्या पुलमनच्या सरकारी कॉलेजात शेतीशास्त्र शिकले. गदर चळवळीतला हा माणूस पुढे मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर काम करत राहिला आणि चित्रकार दिएगो रिव्हेराने त्याला आपल्या भित्तिचित्रात भाकरी मोडून वाटणारा म्हणून रंगवलं. खानखोजे यांना मायदेशी परतायची सोय नव्हती, म्हणून परक्या मुलखात ते पुरते रुजले. आमची परिस्थिती उलटी आहे. परतीचं तिकीट आधीच काढलेलं असतं.

आता बेलव्ह्यूत हे तास कुठे सापडतात ते पाहू.

पहिली जागा शाळेच्या बसथांब्याची. सप्टेंबरच्या सुरुवातीला शाळा उघडते ती जूनपर्यंत चालते आणि रोज सकाळी ठरलेल्या मिनिटाला कोपऱ्यावर पाच-सहा मोठी माणसं नि तितकीच दप्तरं जमतात. दहा मिनिटांचा कट्टा. रोजची दहा मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, सहा महिने, म्हणजे वीस-बावीस तास होतात. सुट्ट्या वजा केल्या तरी वाईट नाही. इथे आजी-आजोबांचं वजन असतं, कारण आई-बाप हातात लॅपटॉपची बॅग घेऊन घाईत असतात आणि आपल्याला कसलीच घाई नसते. पण इथली बोलण्याची रीत वेगळी आहे. आपल्याकडे ‘जावई कुठे असतात, पगार काय, दुसरं मूल कधी’ हा जिव्हाळा असतो, तिथे ती झडती वाटते. त्याऐवजी हवा, कुत्रा, मुलाचा पडलेला दात. कुत्र्यांची नावं मला पहिल्या महिन्यात पाठ झाली, मालकांची नावं पुष्कळ उशिरा. आधी हे सगळं मला पोकळ वाटायचं. नंतर लक्षात आलं की हवेवर रोज बोललेला माणूस एक दिवस अचानक, त्याच सुरात, आपल्या आईच्या स्मृतिभ्रंशाबद्दल सांगतो. हवेच्या गप्पा म्हणजे त्याची चाचपणी असते.

दुसरी जागा क्रॉसरोड्स. बेलव्ह्यूच्या डाउनटाऊनमधला झगमगीत मॉल वेगळा, तिथे माणूस खरेदी करून बाहेर पडतो. क्रॉसरोड्सला तो बसतो. रॅपिडराइडची बी लाइन बस डाउनटाऊनहून तिथे जाते, म्हणजे गाडी न चालवणाऱ्या आजी-आजोबांना मुलांची वाट पाहावी लागत नाही. देशोदेशीच्या खाद्यपदार्थांचे ठेले, मधोमध टेबलं, एक छोटा रंगमंच आणि जमिनीवर आखलेला बुद्धिबळाचा प्रचंड पट, ज्यावरचं प्यादं गुडघ्याएवढं असतं आणि घोडा उचलायला दोन हात लागतात. महानगरपालिकेची छोटी कचेरीही तिथेच आहे. हे सगळं आपोआप झालेलं नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस रॉन शेर या विकासकाने हे मरगळलेलं व्यापारी संकुल हाती घेतलं. घर आणि नोकरी सोडून माणसाला बसायला तिसरी जागा लागते, असं समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी 1989 च्या पुस्तकात मांडलं होतं, त्या विचाराचा शेर यांच्यावर मोठा प्रभाव होता. 1998 मध्ये त्यांनी पुस्तकांचं दुकान काढलं त्याचं नावच ‘थर्ड प्लेस बुक्स’ ठेवलं. आपल्याकडे पारावर, कट्ट्यावर, न्हाव्याच्या दुकानात जे फुकट मिळतं ते तिकडे भाडं आकारणाऱ्या माणसाला मुद्दाम बांधावं लागलं, आणि त्याने ते बांधलं याबद्दल त्याला श्रेय दिलं पाहिजे.

बुद्धिबळाला भाषा लागत नाही. रशियन, चिनी, इथिओपियाचे, आपले, असे म्हातारे पटाभोवती उभे असतात आणि न विचारता चाली सुचवत असतात. हा आगाऊपणा जगभर सारखाच आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये महिला विश्वचषक जिंकला तेव्हापासून तर विदर्भातल्या आजोबांना तिथे बोलायला आयता विषय मिळाला आहे. पुरुषांची अडचण मला बायकांपेक्षा मोठी दिसते. बायका भाजीवरून, बाळावरून, स्वेटरच्या टाक्यावरून एकमेकींपर्यंत पोचतात. बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थाला ‘मी पूर्वी कोण होतो’ हे सांगितल्याशिवाय बोलणं सुरू करता येत नाही, आणि तिथे ते कोणी विचारत नाही.

त्याच गृहस्थांना ग्रंथालयातल्या ‘टॉक टाइम’लाही जायला नको वाटतं. किंग काउंटीच्या ग्रंथालयांत इंग्रजी बोलण्याच्या सरावासाठी हे फुकट वर्ग चालतात. ‘आम्हाला इंग्रजी येतं’ म्हणून आपले लोक तिकडे फिरकत नाहीत. येत असेलही. पण वर्ग घेणारे स्वयंसेवक पुष्कळदा त्याच भागात आयुष्य काढलेले निवृत्त लोक असतात, दर आठवड्याला त्याच वेळी त्याच खोलीत बसतात, आणि परक्या देशातून आलेल्या माणसाचं बोलणं ऐकायला ते हौसेने आलेले असतात. याहून स्थानिक माणूस आणखी कुठे आयता मिळणार? व्याकरणापुरती मान खाली घालावी आणि जावं.

तरुण मंडळींसाठी डोंगर आहेत. सह्याद्रीत वाढलेली मुलं तिथे कूगर आणि टायगर माउंटनवर शनिवारी सकाळी निघतात, पण बहुतेकदा आपापल्याच टोळक्याने, डब्यात पोळीचा लाडू घेऊन. त्यांना मी वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशनचं नाव सुचवते. 1966 पासूनची ही संस्था. पायवाटा दुरुस्त करायला स्वयंसेवक नेते, कुदळ-फावडं आणि डोक्यावर शिरस्त्राण देते, आणि पाच खेपा काम केलं की स्वतःचं नाव लिहिलेलं हिरवं शिरस्त्राण मिळतं. गडांवर टाकी साफ केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, हे श्रमदानच आहे. चिखलात दिवसभर एकत्र दगड हलवल्यावर दुपारच्या सँडविचला जी भाषा निघते ती कॉफीच्या टेबलावर निघत नाही.

आणि महाराष्ट्र मंडळ? त्याच्याविषयी वाईट बोलायची फॅशन आहे, ती मला मान्य नाही. परक्या गावी पहिल्या आठवड्यात मुलाला ताप आला तर धावून येतो तो मंडळातलाच कोणीतरी. गणपतीत ढोल-ताशा असतो, मोदक असतात, मराठी शाळा असते. ‘बीट्स ऑफ वॉशिंग्टन’च्या ढोलपथकामुळे तर पुष्कळ अमेरिकनांनी ताशा पहिल्यांदा ऐकला. खोट एवढीच, की तिथे आपण इतके सुखी होतो की आठवड्याचे सगळे मोकळे तास तिथेच खर्च होतात. शुक्रवारी भिशी, शनिवारी बारसं, रविवारी नाटकाची तालीम. मग शेजाऱ्याला आपण वर्षातून एकदा गणपतीला बोलावतो. तो येतो, बूट काढतो, आरतीला टाळ्या वाजवतो, ‘ब्यूटिफुल’ म्हणतो आणि जातो. आपल्याला वाटतं, झाली मैत्री.

सणाने मैत्री होते का, या प्रश्नाचं बेलव्ह्यूपाशी स्वतःचं उत्तर आहे आणि ते फार कडू आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली मोठी झाडं तोडून झाल्यावर राहिलेली खोडं उपटून जमीन लागवडीखाली आणली ती मुख्यतः जपानी शेतकऱ्यांनी. वॉशिंग्टनच्या 1921 च्या कायद्याने त्यांना जमिनीची मालकी नाकारली, तरी त्यांनी वाटा काढत मटार, लेट्यूस आणि विशेषतः स्ट्रॉबेरी पिकवली. आपल्या महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरीचं जे, तेच तेव्हाच्या बेलव्ह्यूला. 1925 पासून गावात दर उन्हाळ्यात स्ट्रॉबेरी महोत्सव भरायचा, तलावापलीकडून लोक बोटींनी यायचे, फळ बहुतांशी जपानी घरांचं असायचं. त्यांचं स्वतःचं सभागृहही होतं, म्हणजे त्यांचं मंडळच म्हणा. मुलं एकाच शाळेत जात होती. मग पर्ल हार्बर झालं. 19 फेब्रुवारी 1942 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश 9066 वर सही केली आणि मे महिन्यात, स्ट्रॉबेरी लाल व्हायच्या ऐन दिवसांत, बेलव्ह्यूच्या जपानी कुटुंबांना रेल्वेत बसवून कॅलिफोर्नियातल्या छावण्यांत नेलं. त्यातली बरीच मुलं जन्माने अमेरिकन नागरिक होती. त्या वर्षी महोत्सव झाला नाही. जपान्यांविरुद्ध वर्षानुवर्षं मोहीम चालवणाऱ्यांत मिलर फ्रीमन हे इथलं मोठं नाव होतं. त्यांच्याच मुलाने 1946 मध्ये बेलव्ह्यू स्क्वेअर हे खरेदी-संकुल उघडलं, ज्याच्याभोवती आजचं डाउनटाऊन वाढलं. युद्धानंतर परत आलेली जपानी कुटुंबं थोडकी. पत्रकार डेव्हिड नाइवर्ट यांनी ‘स्ट्रॉबेरी डेज’ या पुस्तकात हे सगळं लिहिलं आहे, आणि लेकीकडे राहायला जाणाऱ्या प्रत्येकाने ते तिथल्या ग्रंथालयात मागून वाचावं.

सतरा वर्षं लोकांनी त्यांची फळं खाल्ली, त्यांच्या उत्सवात नाचले. गाडीत बसवायच्या दिवशी बाजूने उभं राहणारे शेजारी फार थोडे निघाले. वर्षातून एकदा येऊन ‘ब्यूटिफुल’ म्हणणारा माणूस वाईट नसतो. पण आपल्यासाठी भांडायला त्याची तेवढी ओळख पुरत नाही, आणि त्याच्यासाठी भांडायला आपलीही.

म्हणून मला बागेचा मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो. सिएटलमध्ये 1973 पासून सार्वजनिक जमिनीचे छोटे तुकडे रहिवाशांना लागवडीला मिळतात. पिकार्डो नावाच्या इटालियन कुटुंबाच्या शेतावर हे सुरू झालं म्हणून त्यांना ‘पी-पॅच’ म्हणतात. बेलव्ह्यू शहराचेही क्रॉसरोड्स आणि लेक हिल्स भागात असे वाफे आहेत. वाफा मुलांच्या नावावर असतो, राबतात आजी-आजोबा. मेथी आणि कोथिंबीर तिथल्या मवाळ उन्हाळ्यात अशी माजते की नाशिकच्या बाजारातल्या जुड्या केविलवाण्या वाटाव्यात. मिरची रुसते. कारलं चिनी आजींच्या वाफ्यात कसंबसं धरतं, ते फिकट आणि आपल्यापेक्षा गुळगुळीत असतं. यातल्या एका आजींशी मी महिनाभर खुणांनी ‘स्थानिक’ मैत्री जुळवत होते. पुढे त्यांच्या नातवाने उलगडा केला की त्याही माझ्यासारख्याच पाहुण्यांच्या व्हिसावर, सहा महिन्यांसाठी आलेल्या आहेत. आम्ही दोघी बराच वेळ हसलो. मैत्रीला काही बाध आला नाही.

खरी तिथलीच बाई भेटली ती बिनशंखाच्या गोगलगाईंमुळे. तिथल्या ओल्या हवेत या बोटाएवढ्या, कधी त्याहूनही लांब गोगलगाई रात्रीतून रोपांचा फडशा पाडतात. माझी मेथी दोनदा बुडापासून गेली, तेव्हा पलीकडच्या वाफ्यातली निवृत्त बाई एक उथळ डबी आणि बिअरचा कॅन घेऊन आली. डबी मातीत कडेपर्यंत पुरायची, तीत बिअर ओतायची, गोगलगाई वासाने येऊन बुडतात. मी जन्मात हातात न धरलेली बिअर मेथीच्या वाफ्यात ओतली आणि सकाळी डबी भरलेली पाहून आम्ही दोघींनी आनंदाने नाकं दाबली. त्यानंतर आम्हाला रोज भेटायला कारण होतं. कॉफीचं आमंत्रण कोणीच कोणाला दिलं नाही. एक दिवस पाऊस आला म्हणून ती मला गाडीतून तिच्या घरी घेऊन गेली आणि मी तिच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले.

तिच्याकडे पहिलं जेवण नेताना मात्र काळजी घ्यावी लागली. आपला हात सवयीने दाण्याच्या कुटाकडे जातो. साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, सगळीकडे दाणे. तिकडे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते आणि शाळेच्या डब्यांपासून सामुदायिक जेवणांपर्यंत लोक त्याबद्दल फार जागरूक असतात. आधी विचारायचं, आणि पदार्थात काय आहे ते चिठ्ठीवर लिहून भांड्याला लावायचं. ‘घ्या हो, थोडं घ्या’ हा आग्रहही घरी ठेवून जायचा. एकदा नको म्हटलं की त्यांचं ते खरोखरच नको असतं. आमंत्रणाला सुरू व्हायची वेळ असते तशी संपायचीही असते, आणि साडेआठला उठलं तर कोणाला वाईट वाटत नाही. न कळवता दार वाजवणं तिथल्या रीतीत बसत नाही. या शिस्तीचा मला आधी राग यायचा. आता वाटतं, ज्या देशात प्रत्येकाला आपली भांडी आपणच घासायची असतात तिथे न सांगता आलेला पाहुणा जड जाणारच.

ऑक्टोबर उलटला की वाफे आवरतात. डिसेंबरात तर सव्वाचार-साडेचारलाच अंधार पडतो आणि गल्ली दारं लावून घेते. ज्यांना निवड करता येते त्यांनी एप्रिल ते सप्टेंबर हा मुक्काम धरावा. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो, माणसं बाहेर असतात, नुसतं अंगणात खुर्ची टाकून बसलं तरी ओळखी होतात. आणि शक्य असेल तर दोन वर्षांनी पुन्हा त्याच गावी जावं, मुलाने नोकरी बदलून कॅलिफोर्निया गाठलं नसेल तर. दुसऱ्या खेपेला तास पहिल्या आकड्यापासून मोजावे लागत नाहीत.

मधला काळ भरून काढायला कार्पेंटरबाईंना टपाल होतं, आम्हाला फोन आहे. उन्हाळ्यात वाफ्यावरच्या त्या मैत्रिणीच्या रात्रीचे आठ म्हणजे नाशिकला दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेनऊ. त्या वेळी माझा चहा झालेला असतो आणि तिचं जेवण. बोलणं बहुतेक वाफ्याचंच असतं. यंदा तिने माझ्या बियांतली मेथी लावली आहे आणि गोगलगाई पुन्हा हजर आहेत. त्यांच्यासाठी दुकानातली सगळ्यात स्वस्त बिअर पुरते असं तिचं म्हणणं आहे, नवऱ्याच्या मते स्वस्त बिअर त्या ओळखतात आणि टाळतात. यावर त्या घरात दुमत आहे आणि माझं मत दोघांनीही मागवलं आहे.